बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी झाला. त्यांच्या लहानग्या लेकीचा, मनोरमेचाही, त्याच दिवशी झाला. रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आई, वडील आणि थोरली बहीण दक्षिणेतल्या दुष्काळात गेली होती. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच पती बिपिनबिहारी पटकीने गेले. इतके सोसून, इतका विचार करून जिने नव्या श्रद्धेत पाऊल टाकले, तिच्या जिवाला आता विसावा मिळाला असेल असे आपल्याला वाटते. रमाबाईंनी मात्र वेगळे सांगितले आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्मा झाल्यावरही जवळजवळ आठ वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता.

या पुस्तकाचा विषय त्या आठ वर्षांत दडलेला आहे. देवाची कृपा कमवता येत नाही, ती मिळालेलीच असते, आणि जो ती मिळालेली म्हणून स्वीकारतो त्याचा जीव विसावतो. ख्रिस्ती शिकवणीचा हा गाभा आपल्यापैकी बहुतेकांनी रविवारच्या शाळेत पाठ केलेला आहे. परीक्षेत विचारले तर उत्तर चुकणार नाही. तरीही आपल्या मंडळ्यांतली कितीतरी प्रामाणिक, कष्टाळू, देवभीरू माणसे आयुष्यभर धापा टाकत जगतात. आज प्रार्थना कमी पडली, उपास मोडला, मनात राग आला, म्हणजे देव आज आपल्यावर थोडा नाराज असणार, असा त्यांचा हिशेब चालतो. त्या माणसांसाठी हे पुस्तक आहे. मीही त्याच बाकांवर वाढले, म्हणून त्यांची धाप मला ओळखू येते.

रमाबाईंपासून सुरुवात करण्याचे कारण असे की कमावण्याचा मार्ग त्यांच्याइतका मनापासून फार थोड्यांनी चालून पाहिला असेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि तितकेच मोठ्या मनाचे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून रोष पत्करला, पण माघार घेतली नाही. सारे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करत, देवळांत पुराणे सांगत फिरत असे. हाती येई ते दानदक्षिणेत जाई. दुष्काळ पडला तेव्हाही व्रते, जप, अनुष्ठाने सुटली नाहीत. शेवटी भांडीकुंडी विकून दिवस काढावे लागले, आणि मग तेही संपले. आईवडिलांच्या मागे रमाबाई आणि श्रीनिवास ही भावंडे हजारो मैल पायी हिंडली, पण नेमधर्म पाळतच. या माणसांच्या श्रद्धेत खोट काढण्याचा अधिकार मला तरी नाही. त्यांनी देवाला द्यायचे काही मागे ठेवले नव्हते.

त्या भटकंतीतला एक प्रसंग साक्षीत आहे. हिमालयातल्या एका सरोवरात सात तरंगते डोंगर होते. यात्रेकरू निष्पाप असेल तर डोंगर आपण होऊन त्याच्याकडे सरकतो, पापी असेल तर जागचा हलत नाही, अशी ख्याती. भावाने पहाटे पाण्यात उतरून जवळ जाऊन पाहिले, तेव्हा ती तराफ्यांवर रचलेली माती आणि झाडे निघाली. त्यांना ढकलणारी माणसे मागे होती. ख्रिस्ती वाचक हे वाचून हसतो, आणि तिथेच चुकतो. ती फसवणूक बाजूला ठेवा. काठावर उभ्या असलेल्या त्या मुलीचा प्रश्न बघा: मी पुरेशी शुद्ध आहे का, आणि ते मला कोण सांगेल? हा प्रश्न बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाही. तो आपल्या बाकांवर आपल्या शेजारी बसून असतो. आपले डोंगर निराळे, एवढेच. मुलाला नोकरी लागली म्हणजे डोंगर सरकला. गाठीचा रिपोर्ट वाईट आला म्हणजे जागचा हलला नाही.

इंग्लंडमध्ये रमाबाईंना कृपेचे पहिले दर्शन प्रवचनात झाले नाही. वाँटेजच्या धर्मभगिनींची एक शाखा लंडनजवळ फुलहॅम येथे होती. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या म्हणून हिणवलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. अशा बायकांशी कोणी इतक्या मायेने वागते हे रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. असे का वागता, हे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली, परजातीची बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. तो तिला आधी सुधारायला सांगत नाही. आधी बोलतो, मागतो, देऊ करतो. तिचे आयुष्य त्याला ठाऊक आहे हे तिला नंतर कळते, आणि कळल्यावर ती पळून जात नाही, गावाला बोलावून आणते. रमाबाईंच्या मनात ती गोष्ट खोल रुजली.

आणि तरीही पुढची आठ वर्षे. मला हे फार महत्त्वाचे वाटते. दुसऱ्यासाठी कृपा आहे हे पाहणे, त्याने डोळे भरून येणे, आणि तीच कृपा आपल्याला हवी आहे हे कबूल करणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. पतितेला कृपा हवी हे पटकन पटते. विदुषीला? जिला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटले, हंटर आयोगापुढे जिने स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली, जिचे 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक अमेरिकेत गाजले, ११ मार्च १८८९ रोजी जिने मुंबईत शारदा सदन उघडले, तिला? त्या वर्षांत त्या विचार करत होत्या, वाद घालत होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना जाणवते की ही बाई कोणाच्याही अधिकारापुढे मान तुकवणारी नव्हती, आणि ते योग्यच होते. पण देवापुढेही त्या काहीतरी हातात घेऊनच उभ्या राहत होत्या: पश्चात्ताप, चर्चचे विधी, चांगली कामे. हे सगळे नीट साठले की क्षमा मिळेल, अशी आपली समजूत होती, असे त्या स्वतः सांगतात.

१८९१च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हॅसलम कॉर्नवॉलमधल्या बाल्धू या खेड्याचे पाळक, उत्साही, चर्च बांधणारे. दुसऱ्यांना तारण शिकवता शिकवता एके दिवशी त्यांना उमगले की आपल्यालाच ते मिळालेले नाही. १८५१ साली व्यासपीठावरून प्रवचन देत असतानाच त्यांचे अंतःकरण बदलले, आणि श्रोत्यांतला एक जण पाळकाचे तारण झाले म्हणून ओरडून उठला. रमाबाईंना त्या पानांत आपला चेहरा दिसला असणार. कारण त्यानंतर त्यांनी जे केले ते त्या आजवर करत आलेल्या प्रत्येक गोष्टीच्या उलट होते. त्यांनी हातातले सगळे खाली ठेवले. आपल्याजवळ दाखवण्यासारखे काही नाही, ख्रिस्ताने केले तेवढेच आहे, असे म्हणून त्या विसावल्या.

हे त्यांच्या एकटीच्या बाबतीत घडले असते तर मी ते एका थोर बाईचा अनुभव म्हणून सांगून पुढे गेले असते. पण मंडळीच्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते, आणि दर वेळी बाहेरच्या माणसाला नव्हे तर आतल्याच माणसाला. पौलाचे गलतीकरांस पत्र घ्या. ते अविश्वासी लोकांना लिहिलेले नाही. कृपेने आरंभ केलेल्या, आणि आता सुंता व नियमशास्त्र पाळून उरलेली मजल आपल्या बळावर मारू पाहणाऱ्या मंडळ्यांना ते लिहिलेले आहे. पौल इतका संतापलेला दुसऱ्या कुठल्या पत्रात दिसत नाही. नेहमीची उपकारस्तुतीदेखील तो करत नाही, थेट बोलायला लागतो. देवाने सुरू केलेले काम माणसाने पूर्ण करायचे, ही वाटणी त्याला मान्यच नाही.

मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात गेला तो देवाला राजी करण्यासाठीच. उपास, जागरणे, तासन्‌तास पापांची कबुली. त्याला वाटे, एखादे पाप सांगायचे राहून गेले तर? 'देवाचे नीतिमत्त्व' या शब्दांनी त्याला धडकी भरे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर रात्रंदिवस विचार करताना त्याला समजले की हे नीतिमत्त्व देव आपल्याकडून वसूल करत नाही, आपल्याला देतो. ही आठवण त्याने १५४५ साली आपल्या लॅटिन लेखनाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली. त्याआधी रोमकरांस पत्रालाही त्याने प्रस्तावना लिहिली होती. दोनशे वर्षांनी, २४ मे १७३८च्या संध्याकाळी, लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेत कोणीतरी ती वाचत होते आणि जॉन वेस्ली अनिच्छेने जाऊन बसला होता. वेस्लीला दीक्षा होऊन दहा वर्षे झाली होती. सुवार्ता सांगायला तो अमेरिकेतल्या जॉर्जियापर्यंत जाऊन हताश होऊन परतला होता. त्या रात्री त्याला पहिल्यांदा खात्री वाटली की ख्रिस्ताने माझीसुद्धा पापे घेतली आहेत. प्रस्तावना लिहिणाऱ्या कोणालाही ही घटना धीर देते, आणि जबाबदारीची जाणीवही करून देते.

या शिकवणीवरून पाश्चात्त्य मंडळी दुभंगली हे दुःख लपवण्यात अर्थ नाही. त्याचे पडसाद आपल्याकडेही आहेत. वसईचे कॅथलिक आणि अहमदनगरचे प्रॉटेस्टंट एकाच भाषेत प्रार्थना करतात, पण एकमेकांच्या उपासनेला क्वचित जातात. त्यांना मला एवढेच सांगायचे आहे की ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणूस आपल्या कोणत्याही पुण्याईने नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देवाला स्वीकार्य ठरतो, हे दोघांनी मिळून कबूल केले. २००६ साली मेथडिस्टांनीही त्याला दुजोरा दिला. मतभेद उरले आहेत, पण कृपा ही एका पंथाची मालमत्ता नाही. या पुस्तकात मी दोन्ही घरांतल्या वाचकांशी बोलते आहे.

आता आपल्याकडच्या एका खास अडचणीविषयी. मराठी माणसाला फुकटचे घ्यायला आवडत नाही. शेजारणीने वाटीभर साखर दिली तरी वाटी रिकामी परत जात नाही. हा गुण आहे. पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाच्या वाट्याला त्यावर आणखी एक ओझे आले. आपल्या पूर्वजांनी पोटासाठी धर्म सोडला, दुष्काळात मिशनच्या धान्यावर जगले, हा टोमणा पिढ्यानपिढ्या ऐकलेला समाज आहे हा. गावकुसाबाहेरून आलेल्यांना तर तो दुप्पट ऐकावा लागला. ज्याला सतत 'तू घेतलेस' म्हणून हिणवले, तो आयुष्यभर आपली लायकी सिद्ध करत राहिला तर नवल नाही. शिक्षक झालो, परिचारिका झालो, नेकीने नोकऱ्या केल्या, कर्ज बुडवले नाही. माणसांपुढे हे सगळे अभिमानाने सांगावे, मीही सांगते. पण देवापुढे हाच ताठ कणा भिंत होऊन उभा राहतो. कृपा घेण्यात कमीपणा वाटतो, आणि मग आपण ती घेऊनही तिची परतफेड करत बसतो.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला या अडचणीवर नेमके बोट ठेवतो, म्हणून या पुस्तकात त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो, एक दीनार रोज बोलून. मग पुन्हा सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असतानाही जातो. तेव्हाही काही जण उभे असतात. का उभे राहिलात, तर म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. आपल्या शहरांतल्या मजूर नाक्यावर सकाळी दहानंतर जाऊन पाहा. धडधाकट तरुण आठच्या आत टेम्पोत चढून गेलेले असतात. उरतात ते म्हातारे, खोकणारे, हात अधू झालेले, कडेवर मूल असलेल्या बाया. संध्याकाळपर्यंत कोण उरत असेल, हे दाखल्यात लिहिलेले नाही, पण नाका पाहिलेल्या माणसाला ते वेगळे सांगावे लागत नाही. आणि घरी चूल पेटायला लागतात तेवढे पैसे त्यांनाही लागतातच. एका तासाच्या मजुरीत घर चालत नाही. म्हणून धनी त्यांना पुऱ्या दिवसाचा रोज देतो.

पहाटेपासून राबलेल्यांची कुरकूर मला खोटी वाटत नाही. मजुरीच्या न्यायाने त्यांचेच बरोबर आहे. त्यांचे दुखणे असे की त्यांना कमी मिळालेले नाही, ठरले तेवढे पुरते मिळाले. तरी दुसऱ्याला मिळाले म्हणून त्यांच्या हातातला दीनार हलका झाला. येशूने हा दाखला पेत्राच्या प्रश्नानंतर सांगितला आहे, हे विसरू नये. आम्ही सगळे सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार, असे पेत्राने विचारले होते. म्हणजे दाखला शिष्यांसाठी आहे, जुन्याजाणत्या सभासदांसाठी आहे. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घराण्यांसाठी आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊही तिथलाच. तो बापाच्या घरात राहून मजुरासारखा जगत होता, आणि घरात गाणेबजावणे सुरू झाले तेव्हा त्याला आपली मजुरी आठवली. बाप जसा धाकट्यासाठी धावत गेला तसाच थोरल्याची समजूत घालायलाही बाहेर आला, याकडे आपले लक्ष कमी जाते.

एक आक्षेप पौलाच्या वेळेपासून चालत आलेला आहे. सगळे फुकटच आहे तर माणूस सुस्त होणार नाही का, पाप करायला मोकळा होणार नाही का? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हा प्रश्न स्वतःच विचारतो. माझे मत असे की ज्या प्रवचनानंतर हा प्रश्न कोणाच्याच मनात येत नाही, त्या प्रवचनात कृपा पुरती सांगितलेली नसते. पण प्रश्नाला उत्तर हवेच. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ साली स्वस्त कृपेविरुद्ध कडक शब्दांत लिहिले: जी माणसाला कुठेच नेत नाही, ख्रिस्तामागे चालायला उठवत नाही, ती कृपा नव्हे. त्याच माणसाला ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत नाझींनी फाशी दिले. कृपा फुकट आहे, पण स्वस्त नाही, कारण तिची किंमत क्रुसावर कोणीतरी दिलेली आहे. हे ज्याला समजले तो पापाशी सलगी करत नाही.

आणि रमाबाईंचेच पाहा. विसावल्यानंतर त्या बसून राहिल्या का? त्यांचे सगळ्यांत मोठे काम १८९१ नंतरचे आहे. १८९३ साली शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पुण्यात वादळ उठले, तरी सदन चालू राहिले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींची शाळा. फुलहॅममध्ये पाहिलेल्या बायकांसारख्याच टाकलेल्या बायकांसाठी केडगावात जे घर उभारले गेले, त्याचे नाव त्यांनी 'कृपा सदन' ठेवले. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत ते भाषांतर करत राहिल्या. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, कामातली सोबतीण. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. माणूस विसावला की त्याचे दुःख संपते असे या आयुष्यावरून कोणी म्हणू शकणार नाही. पण आपण देवाला पुरे पडतो का, हा काठावरचा जुना प्रश्न त्यांना पुन्हा छळताना दिसत नाही. तो सुटल्यामुळे मोकळी झालेली सगळी ताकद त्या दुसऱ्यांच्या मुलींवर खर्च करू शकल्या.

तरीही कृपेचा हा उपयोग दाखवून मी कृपेची शिफारस करणार नाही. अंथरुणाला खिळलेली, मिशन न उभारलेली, कोणाला ठाऊक नसलेली विधवा तितकीच कृपेत आहे. तिच्या हातून काही झाले नाही म्हणून देवाचे प्रेम तिच्यावर तसूभरही कमी नाही. हे आपण ठामपणे म्हटले नाही तर कमावण्याचा हिशेब मागच्या दाराने परत आत येतो.

मागच्या दाराने येणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आजकाल पुढच्या दारानेच येते. नवा फ्लॅट झाला, व्हिसा आला, की 'प्रभूची कृपा' म्हणायचे. उपकार मानणे चांगलेच. पण कृपेचा अर्थ तेवढाच धरला तर ज्याचा व्हिसा नाकारला गेला त्याला आपण काय सांगणार? पौलाच्या देहात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे, एवढेच त्याला कळवले गेले. देवाची मर्जी ही यशाची पावती आहे असे सांगणारी व्यासपीठे आपल्या शहरांत वाढत आहेत, आणि त्यांच्यासमोर बसणारे बहुतेक लोक कर्जात आणि आजारात असतात. त्यांच्या खांद्यावर 'तुझा विश्वास कमी पडला' हे जास्तीचे ओझे टाकणे मला क्रूर वाटते. नवस बोलणाऱ्या आईबद्दल मात्र मला असे वाटत नाही. पोर तापाने फणफणत असताना वांद्र्याच्या डोंगरावर मेणबत्ती लावायचे कबूल करणारी आई सौदा करत नसते, टाहो फोडत असते. तिला पुढे कधीतरी हळूच सांगावे, की तू मेणबत्ती कबूल केली नसतीस तरी त्याने ऐकलेच असते.

ज्यांना हा विषय परका वाटेल अशा मराठी वाचकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पतितपावनाला आळवणाऱ्या अभंगांनी या मातीतला कान कृपेचा शब्द ऐकायला तयार केलेला आहे, असे मला मनापासून वाटते. ख्रिस्ती माणूस त्या कृपेला एका विशिष्ट जागी, यरुशलेमाबाहेरच्या एका टेकडीवर, पंतय पिलाताच्या कारकिर्दीत घडलेल्या मरणाशी आणि त्यानंतरच्या पुनरुत्थानाशी बांधतो. हा फरक लहान नाही, आणि मी तो पुसू इच्छित नाही. पण देवापुढे रिकाम्या हाताने उभे राहायची लाज वाटू नये, हे तुकोबांच्या वाचकाला मी काय वेगळे शिकवणार?

पुढच्या प्रकरणांत चर्चा फार थोडी आहे. बहुतेक प्रकरणे पवित्र शास्त्रातला एकेक उतारा घेऊन सावकाश वाचतात: द्राक्षमळा, थोरला भाऊ, विहिरीवरची बाई, रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय, इब्री लोकांस पत्रातला विसाव्याचा भाग. आजारपणातली कृपा आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्याच त्या पापातली कृपा यांवर दोन प्रकरणे आहेत. ती लिहायला सगळ्यांत अवघड गेली, आणि पाळकांनी व घरोघरी भेटी देणाऱ्या भगिनींनी ती आधी वाचावीत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'आता हे करा' अशी यादी मुद्दाम दिलेली नाही. ती सापडली नाही म्हणून हिरमुसू नका.

एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी नवा करार काढा आणि गलतीकरांस पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचा. सहाच अध्याय आहेत, अर्ध्या तासात होतात. वेळ एकाच वाचनापुरता असेल तर हे पुस्तक बाजूला ठेवा आणि ते पत्र वाचा.